बोटाचं वजन

गॅस पेटवायचा लायटर मी पहिल्यांदा उघडला तेव्हा आत काहीच सापडेना म्हणून खट्टू झालो होतो. सेल नाही, गारगोटी नाही. एक स्प्रिंग, एक इवलीशी हातोडी आणि पेराएवढा पांढुरका ठोकळा, फुटक्या कपाच्या कानासारखा. हातोडी ठोकळ्यावर आपटते आणि ठोकळा वीज सोडतो. भाजलेली मातीच ती, चिनी मातीची दूरची बहीण म्हणा. तिला दाबलं की ती वीज देते.

याच्या उलटही होतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. त्याच जातीच्या मातीला वीज दिली की ती हलते. ठोकळा असेल तर केसाच्या जाडीहूनही कमी, पातळ पट्टी केली तर जरा जास्त. हलताना जोरही लावते. किती हलते आणि किती वजन उचलते, या दोन गोष्टींच्या मागे मी गेल्या आषाढात हात धुऊन लागलो होतो. घरच्यांना वाटलं, याला यंत्रांचा नाद आहे, चालू दे. नाद आहेच. पण तेव्हा मी नादासाठी लागलो नव्हतो. ते आता सांगतो.

मी तराजू दुरुस्त करतो. भाजीवाल्यांचे नव्हे. गिरगावातल्या सराफांचे, परळच्या लॅबमधले, श्वास लागला तरी आकडा हलेल असले. चिंचपोकळी स्टेशनजवळच्या गल्लीत माझा गाळा आहे आणि तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावर, लालबागला, चाळीत घर. घरात मी, बायको आणि माझी मोठी बहीण.

ताईची नजर लहानपणी तापात गेली. शिकली, एका मोठ्या ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागली आणि तिथूनच रिटायर झाली. आवाज अजून बोर्डावर बसल्यासारखा, स्वच्छ आणि घाई नसलेला. कुणी फार बोलायला लागलं की म्हणते, "लाइन बिझी आहे." लहानपणी गॅलरीत बसून ती मला विचारायची, "काय चाललंय रे खाली?" खाली पुष्कळ काही चाललेलं असायचं. मी म्हणायचो, "काही नाही." सांगायचा कंटाळा. मी मुळात बोलत नाही फारसं, आणि न बोलण्याचं ओझं माझ्यापेक्षा तिलाच जास्त झालं असणार, हे कळायला माझे केस पिकावे लागले.

ऑफिसात नवीन यंत्रं आली तेव्हा ब्रेल वाचायचं जुनं यंत्र ताईला मिळालं. कीबोर्डाएवढी पेटी. पुढच्या बाजूला एका ओळीत लहान लहान घरं, प्रत्येक घरात आठ भोकं, प्रत्येक भोकात टाचणीच्या डोक्याएवढं टिंब. टिंबं वर येतात, अक्षरं होतात, ताई त्यांवरून बोट फिरवते. ओळ संपली की बटण दाबायचं. खळ्ळ असा बारीक आवाज होतो, जुनी टिंबं बसतात आणि नवी ओळ उभी राहते. कागदाशिवाय पुस्तक. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती वाचत होती आणि मी नुसता तो खळ्ळ आवाज ऐकत बसलो होतो.

आमच्या मजल्यावर श्रावणात पोथी लागते. रोज संध्याकाळी एक अध्याय. गॅलरीच्या टोकाशी सतरंजी, समई, आणि ज्यांना वेळ आहे ते सगळे. अट एकच. अध्याय सुरू केला की मध्ये सोडायचा नाही. वाचणारा उठत नाही, पाणीसुद्धा पीत नाही. वर्षानुवर्षं वाचणारे आजोबा गावी गेले ते तिकडेच राहिले, आणि यंदा वाचणार कोण हा प्रश्न समोरच्या काकूंनी परस्पर सोडवला. काकू मालवणच्या, चाळीत आमच्या आईच्या वेळेपासूनच्या.

"बाये, यंदा तूच वाचतलंस," त्या ताईला म्हणाल्या. "तुझ्या त्या मशिनीत पोथी घालूक येता मां?"

ताई म्हणाली, "येते. माझा भाऊ घालील."

आयुष्यभर तिनं ती पोथी दाराच्या आत खुर्चीवर बसून ऐकली होती. वाचणाऱ्याच्या जागेवर तिला कुणी बोलावलं नव्हतं, आणि तिलाही ते मागावंसं वाटलं नसावं. त्या दिवसापासून मात्र ती बदलली. मी मजकूर मिळवून यंत्रात भरला. ती बायकोला घेऊन हिंदमाताच्या कापडबाजारात गेली आणि पोथीला गुंडाळतात तसा लाल खण यंत्रासाठी घेऊन आली. कापड चार दुकानांत हातानं चाचपून घेतलं म्हणे. मी म्हटलं, "मध्ये उठता येत नाही, लक्षात आहे ना?" तर म्हणाली, "बोर्डावर बसणारीला उठायचं माहीत नसतं. तू तुझं बघ."

गुरुपौर्णिमेला काकू हळदकुंकू घेऊन आल्या. पोथीची पूजा करायची तर यंत्राचीच करायला हवी. आणि कुंकू कुठं लावायचं? अक्षरं उमटतात तिथं. काकूंनी बोट ओलं करून त्या टिंबांच्या ओळीवर आधी हळद आणि मग कुंकू असं मनापासून लावलं. मी कामावर होतो. संध्याकाळी आलो तेव्हा ताई यंत्रापुढे बसली होती आणि तिचं बोट लाल होतं.

"अर्धी टिंबं वरच येत नाहीयेत," ती म्हणाली. "चिकटलीत. आणि काकूंना काही बोलू नकोस. त्यांना वाटेल आपलं कुंकू बाधलं."

दुसऱ्या दिवशी गाळ्यावर मी यंत्र उघडलं. वरचं झाकण सोडवलं, टिंबं काढून स्पिरिटमध्ये टाकली. आणि खालचं सगळं समोर आलं.

प्रत्येक टिंबाखाली एक पट्टी. बोटाएवढी लांब, नखाहून थोडी जाड. मध्ये धातूचा पातळ पत्रा, त्याच्या दोन्ही अंगांना तीच भाजलेली माती, पापुद्र्यासारखी चिकटवलेली. मागचं टोक घट्ट बसवलेलं, पुढचं मोकळं. वीज सोडली की एका अंगाची माती आखडते, दुसऱ्या अंगाची पसरते आणि पट्टी वाकते, ऊन लागलेल्या पुठ्ठ्यासारखी. मोकळं टोक वर उचललं जातं आणि टिंबाला ढकलतं. बस्स. ना मोटर, ना दात्यांची चाकं. असल्या पट्ट्या ओळीनं, मध्ये बारीक फट ठेवून, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मी बघतच राहिलो. कारण मी हे आधी पाहिलं होतं. मागावरची फणी अगदी अशी दिसते.

आमचे बाबा मिलमध्ये जॉबर होते, मागखात्यातले मुकादम. मागावर ताण्याचे उभे धागे ज्या लोखंडी फणीच्या दातांतून जातात ती फणी बसवली की ते अंगठ्याचं नख तिच्यावरून या टोकाकडून त्या टोकाकडे ओढायचे. सगळे दात घट्ट असले की एकसारखा खर्रर्र आवाज येतो. एखादा ढिला असला की तिथं आवाज बसतो. डोळ्यांना दिसत नाही ते नखाला कळतं, असं म्हणायचे. जुन्या फणीचा एक तुकडा त्यांनी घरी आणला होता. आम्हा दोघांचं ते खेळणंच होतं. कुठल्या जागी दात हलतो ते ताई माझ्याआधी ओळखायची.

तर मी नख ओढलं. काही विचार करून नव्हे. हात तसाच जातो आमचा. गिरणगावात वाढलेल्या माणसापुढे ओळीनं उभे दात ठेवा, तो नख फिरवणारच.

आवाज सुरेख आला. फणीपेक्षा बारीक, काचेच्या बांगड्यांकडे झुकणारा. म्हणून मी परत ओढलं, उलट्या बाजूनं, जरा दाबून. आणि मध्यावर कुठंतरी आवाज बसका आला.

मला ऐकू आलं. मी थांबलो. मग टिंबं पुसून बसवली, झाकण लावलं आणि स्क्रू आवळले.

घरी ताईनं पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली. तिसऱ्या ओळीला बोट मध्यावर अडकलं.

"हे बघ रे. इथं टिंब आहे, आणि बोट ठेवलं की नाही."

"काही नाही," मी म्हटलं. "तू जोरात दाबतेस."

"मी?"

"कागदाची सवय तुला. कागदावरची टिंबं चेपलेली असतात, दाबून वाचावी लागतात. हे यंत्र आहे. त्यात आता साफ झालंय, टिंबं मोकळी झालीत. मोकळं टिंब नाजूकच असतं."

एवढं लांब वाक्य मी सहसा बोलत नाही. तिला संशय यायला हवा होता. पण ती म्हणाली, "असेल. यंत्रातलं तुला कळतं."

त्यानंतर ती बोट हलकं करायला लागली. दुपारी डाव्या हाताच्या पाठीवर उजव्या हाताचं बोट फिरवत बसायची, लव हलेल पण कातडी दबणार नाही इतकं वरून. मग यंत्रावर. हलक्या बोटाला मधली टिंबं लागायची, पण इतर शब्द हातून निसटायचे. जो अध्याय ती पाण्यासारखा वाचत होती त्यात ठेचा लागायला लागल्या. थांबायची, मागं जायची, पुटपुटायची. बायको मला आत म्हणाली, "ताईंचं काहीतरी बिनसलंय. चहा गार होतो, कळत नाही त्यांना." मी म्हटलं, "काही नाही, प्रॅक्टिस चाललीय."

मग एका संध्याकाळी ताईनं खण परत यंत्राभोवती गुंडाळला आणि गाठ मारली.

"काकूंना सांगून टाक, मोबाइलवर लावा म्हणावं पोथी. मिळते सगळी तयार. अध्याय मध्ये अडकला तर मला नाही सहन व्हायचं ते. माझं बोट आता राहिलं नाही रे पूर्वीचं."

श्रावण आठवड्यावर आला होता. मी म्हटलं, "थांब जरा. मी सेटिंग बघतो," आणि यंत्र उचलून पुन्हा गाळ्यावर नेलं.

खरं सांगायचं तर मी खरं शोधायला गेलो नव्हतो. मला दुसरं कारण हवं होतं. कुंकवानं काही खाल्लं असेल. पावसाळी हवा लागली असेल. यंत्र जुनं आहे, माती थकत असेल. असं काहीही चाललं असतं. पण शोधायला बसलो आणि त्यात रमलो हेही तितकंच खरं. अपराधी माणसालाही कुतूहल असतं, हे मला तेव्हाच कळलं.

माझ्याकडे वजनांची पेटी आहे, चिमट्यानं उचलायची वजनं. बारीक तारेचं एक पाऊल केलं, वर पत्र्याची चकती, आणि ते एका चांगल्या टिंबावर उभं केलं. पट्टीला वीज दिली. टिंब वर आलं, चकतीसकट. मग एक एक वजन ठेवत गेलो. पाच ग्रॅमला टिंब जेमतेम दबलं. दहाला थोडं आणखी. पंधराच्या पुढे कुठंतरी ते भोकाच्या काठाशी आलं. वजन काढलं की परत वर.

यातून मला एक गोष्ट दिसली ती मी नंतर पुष्कळ दिवस मनात घोळवली. डोक्यावर काहीच वजन नसतं तेव्हा पट्टी सगळ्यात जास्त उचलली जाते, पण तेव्हा तिला जोर लावायलाच लागत नाही. आणि तिचा सगळा जोर पणाला लागतो तेव्हा ती हललेली नसते, जागच्या जागी असते. जे काही काम होतं ते या दोन टोकांच्या मध्ये. पट्टी लांब केली तर उचल वाढते, पण ताठपणा जातो, मग बोटाखाली ती लवते. आखूड केली तर ताठ राहते, पण टिंब पुरेसं वरच येत नाही. कुणीतरी कुठंतरी बसून माणसाच्या बोटाचा अंदाज घेऊन ती लांबी ठरवली होती. मला त्या न पाहिलेल्या माणसाचं फार कौतुक वाटलं.

आणि माती. ती दाब किती सोसते याला जवळजवळ सीमा नाही. कपबशांची चळत आठवा, तळाची बशी फुटत नाही. पण तीच बशी वाकवून बघा. दाब चालतो, ताण चालत नाही. पट्टी वाकते तेव्हा एका अंगाला थोडा ताण येतोच, पण तो बनवणाऱ्यानं हिशेबात धरलेला असतो. वरून सरळ येणारं बोटही हिशेबात असतं. नख हिशेबात नसतं. आडवं येणारं, पट्टीला हवं त्यापेक्षा जास्त वाकवून टप्पकन् सोडणारं नख.

बसक्या आवाजाच्या जागची पट्टी भिंगाखाली धरली. मातीत केसाएवढी भेग. शेजारच्या घरात तशीच दुसरी. पलीकडे आणखी एक. मधला पत्रा शाबूत, म्हणून पट्टी जागेवर उभी. वीज दिली की अजून उचलते, टिंब वर येतं, आणि बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. पण ताठपणा मातीचा होता, पत्र्याचा नव्हे. तारेचं पाऊल ठेवलं आणि तीन ग्रॅमला टिंब खाली बसलं.

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण माझ्यात अजून एक वकील जिवंत होता. तो म्हणाला, पट्टी तडकली असेल, पण तिचं बोट जड नाही कशावरून? आधीही जडच असेल. कदाचित बोटानंच तडकली असेल. मोजलंयस का?

म्हणून मी ताईला गाळ्यावर बोलावलं.

ती आली, एका हातात काठी, दुसरा माझ्या कोपराला. वाटेत विचारत होती, "मला कशाला नेतोयस? यंत्र तुझ्याकडे, मी कशाला?" मी म्हटलं, "असंच." तराजूची काचेची पेटी काढून ठेवली, तबकावर तिच्या जुन्या ब्रेल पुस्तकाचं एक सुटं पान चिकटवलं आणि आकडा शून्यावर आणला.

"वाच," मी म्हटलं. "रोजच्यासारखी. कागद वाचतेस तशी."

"बोटाचं वजन करतोयस?"

"हो."

"सराफाला विकायचंय का? कापून देऊ?"

ती वाचायला लागली. बोट डावीकडून उजवीकडे गेलं, परत आलं. आकडा नाचत होता. मी तराजूचे आकडे वाचण्यात उभं आयुष्य घालवलंय, नाचणाऱ्या आकड्याचा मध्य मला दिसतो. पाच रुपयांच्या दोन नाण्यांइतकं वजन. तेही एका वेळी दोन-तीन टिंबांवर वाटलेलं. एका टिंबाच्या वाट्याला पाचेक ग्रॅम. चांगली पट्टी याच्या तिप्पट सहज पेलते.

मग, का कोण जाणे, तिनं पुढच्या ओळीसाठी बोट उचललं तेव्हा मी पानाच्या कोपऱ्यावर माझं बोट तसंच फिरवून पाहिलं. आकडा एकदम कितीतरी वर गेला. जड बोट माझं होतं.

"किती?" ताईनं विचारलं.

मी आकडा पुन्हा एकदा पाहिला.

"जास्त आहे ना? मला वाटलंच होतं." तिचं बोट अजून पानावरच होतं. "सांग ना, किती आहे? तू बघ, मला काय दिसतंय?"

तिला दिसत नव्हतं. आकडा समोर लाल अक्षरांत उभा होता आणि तो काय आहे हे जगात फक्त मला माहीत होतं. मी 'जरा जास्त आहे' म्हटलं असतं तर ते तसंच झालं असतं. तिनं उरलेलं आयुष्य हवेत बोट फिरवलं असतं. पोथी मोबाइलवर लागली असती आणि सगळे म्हणाले असते, वय झालं. इतकं सोपं होतं ते. गॅलरीतून खाली बघून 'काही नाही' म्हणण्याइतकं.

"हलकं आहे," मी म्हटलं. "माझ्या निम्मंसुद्धा नाही."

"मग टिंब का बसतं?"

"पट्ट्या तडकल्यात. मी तडकवल्या. फणीवर बाबा नख ओढायचे तसं ओढलं. दोनदा. दुसऱ्यांदा आवाज बसका आला तो मी ऐकला होता, ताई. घरी यायच्या आधीच मला माहीत होतं."

बाहेर गल्लीत कुणीतरी टेम्पो मागं घेत होतं. ताईनं बोट पानावरून उचललं. आकडा शून्यावर आला.

ती म्हणाली, "त्या तडकलेल्या पट्ट्या आहेत इथं? वाजवून बघू दे."

तडकलेल्या पट्ट्यांचं एक घर मी काढून ठेवलं होतं. तिच्या हातात दिलं. तिनं नख अलगद फिरवलं, आणि ज्या पट्टीला भेग होती तिच्यावर थांबली. "ही," म्हणाली. मग जराशी हसली. "बाबांची फणी जाड होती. बिचारीनं तुझ्यासारखे दहा सोसले असते."

मला वाटलं, निभावलं. मी म्हटलं, "चूक झाली गं."

"पट्ट्यांचं सोड. मोडतात पट्ट्या." आवाज तोच, बोर्डावरचा. "माझं बोट खोटं ठरवलंस तू. इतके दिवस मी त्याच्यावर अविश्वास दाखवत बसलेय. दुसरं काय आहे रे माझ्याकडे खात्रीचं?"

घरी जाताना तिनं माझं कोपर धरलं नाही. काठी टेकत भिंतीच्या कडेनं गेली, मी दोन पावलं मागं.

त्यानंतर घरात तिनं माझ्याशी थेट लाइन तोडली. सगळं बायकोमार्फत. मी समोर बसलेला असताना बायकोला सांगायची, "त्याला विचार, यंत्राचं काय करतोय." मी उत्तर दिलं की बायकोकडे चेहरा करून ऐकायची. बायकोनं एकदा वैतागून म्हटलं, "अहो ताई, इथंच आहेत ते." ताई म्हणाली, "होल्डवर आहे."

यंत्राचं मी एवढंच करू शकलो. नवीन पट्ट्या लगेच मिळण्यातल्या नव्हत्या. पण प्रत्येक घर सुटं काढता येतं. तडकलेली घरं मधून काढून ओळीच्या उजव्या टोकाला नेली आणि तिथली चांगली मध्यात बसवली. मग पोथीचा सगळा मजकूर पुन्हा तोडला, ओवीचा एक चरण एका ओळीत. म्हणजे बोट उजव्या टोकापर्यंत जायलाच नको. या सगळ्यात एकदा मनात आलं की असं केलं असतं तर तिला काही न सांगताही भागलं असतं. पण नसतं भागलं. ओळ इतकी आखूड का आणि शेवटची घरं रिकामी का, हे तिनं पहिल्याच मिनिटाला विचारलं असतं. दुरुस्तीच अशी होती की ती सांगून करावी लागली.

ताईनं पहिल्यांदा वाचलं तेव्हा बोट हलकंच ठेवलं होतं. मग थांबली, आणि कागदावर ठेवते तसं पुरतं टेकवलं. टिंब उभं राहिलं. तिनं मुद्दाम आणखी दाबलं, आणखी, शेवटी ते बसेपर्यंत. मग बोट उचललं आणि ते परत वर आलं का ते चाचपलं. असं तिनं कितीतरी टिंबांशी केलं. प्रत्येकाचा जोर तिला स्वतः बघायचा होता, आणि या वेळी मला विचारायचं नव्हतं.

श्रावणाच्या पहिल्या संध्याकाळी सतरंजी पडली. काकू हळदकुंकू घेऊन पुढे झाल्या तशी बायकोनं चटकन खण पुढे केला, आणि कुंकू खणाला लागलं. ताईनं यंत्र मांडीपुढच्या पाटावर ठेवलं. मी आमच्या दारात उभा होतो, जिथं पूर्वी तिची खुर्ची असायची.

"सुरू करायच्या आधी एक सांगते," ती सगळ्यांना म्हणाली. "हे यंत्र माझ्या भावानं बिघडवलं आणि दोष माझ्या बोटावर घातला. आता त्यानंच नीट केलंय."

सगळे हसले. काकू म्हणाल्या, "गो, भावाक असा बोलतत काय? दिवसरात खपलो तो तुझ्यासाठी."

"खरं तेच सांगतेय," ताई म्हणाली. आणखी हसले. कुणीतरी मागं वळून माझ्याकडे कौतुकानं बघितलं. मी तेव्हा म्हणू शकलो असतो, हो, खरं आहे. तेवढे दोन शब्द. मी चौकटीला टेकून उभा राहिलो, आणि लोकांनी ते माझं साधेपण समजलं.

मग तिनं बटण दाबलं, खळ्ळ झालं, आणि अध्याय सुरू झाला. एकदाही थांबली नाही. प्रत्येक चरणानंतर ते बारीक खळ्ळ, त्यात तिचा श्वास, मग पुढचा चरण. ऐकणाऱ्यांच्या माना त्या आवाजावर डोलायला लागल्या होत्या. समईची वात कुणीतरी पुढे सारली. तिचं बोट पूर्ण टेकलेलं होतं, मला दारातून दिसत होतं.

आत येऊन खण बांधताना ती म्हणाली, "लोक हसले तेव्हा तू का गप्प?" थेट मला. कितीतरी दिवसांनी.

मी म्हटलं, "बोलता येत नाही मला."

"मग लिही. आणि आधी मला दे."

म्हणून हे लिहिलं. ओळी तोडून यंत्रात भरलं आणि तिला दिलं. तिनं सगळं वाचलं, एका बैठकीत, मध्ये न उठता. मी समोरच बसलो होतो, यंत्राच्या खळ्ळ आवाजावरून कुठं आली असेल याचा अंदाज घेत. संपल्यावर म्हणाली, "ठीक आहे. एक दुरुस्ती कर. गाळ्यावर पट्टी वाजवली तेव्हा मी हसले असं लिहिलंयस. मी हसले नव्हते."

मला ती हसल्यासारखी दिसली होती. अजूनही डोळे मिटले की तशीच दिसते. पण ती म्हणते नाही, म्हणजे नव्हतीच हसली.